जुन्या गाडीची ऑइलची लाल लाइट लागली? इंजिन उतरवायच्या आधी या चुका टाळा

मे महिना, नवतपा सुरू, आणि आम्ही रामटेकहून परत येत होतो. आमची ९८ ची मारुती ८००, मागे आई आणि मावशी. कामठी रोडनं नागपुरात येऊन ऑटोमोटिव्ह चौकात सिग्नलला थांबलो (जागा पण काय निवडली गाडीनं) आणि मीटरवरची ती लाल कुप्पीवाली लाइट लुकलुक करायला लागली. रेस दिली की बंद, पाय काढून इंजिन स्लोवर (रेस न देता नुसतं चालू) आलं की परत चालू. मागून आई म्हणते, "काय झालं रे?" मी म्हटलं काही नाही, गरमीनं होते असं, आणि तशीच मानेवाड्यापर्यंत आणली, चांगली दहा-बारा किलोमीटर. सगळ्यात मोठी चूक हीच आणि ती मीच केली, म्हणून आधी सांगून टाकतो.

ती लाइट ऑइल कमी झालं हे सांगत नाही. ती ऑइलच्या प्रेशरची आहे, आणि तिचा इंजिनवरचा स्विच एकदम साधा असतो, साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली प्रेशर गेलं की लाइट पेटते, बस. म्हणजे टायरच्या हवेसारखं पीएसआयमध्ये मोजलं तर चार-सात. चालत्या इंजिनला खरं तर याच्या कितीतरी पट प्रेशर लागतं, त्यामुळे लाइट लागली म्हणजे "लवकरच प्रॉब्लेम येईल" असं नाही, आलेला आहे. हायवेवर चालत्या गाडीत पक्की लागून राहिली तर बाजूला घ्या आणि तिथंच इंजिन बंद करा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत पण नका नेऊ. फक्त गरम इंजिनमध्ये, स्लोवर लुकलुकत असेल तर थोडा वेळ हाताशी असतो, पण म्हणून बुटीबोरीला चक्कर मारून याल असं नाही.

आता याच्या उलटी चूक. आपण लाइट पाहतो, घाबरतो, गॅरेजला जातो, आणि समोरचा बोनेट पण नीट न उघडता म्हणतो, "भाऊ, बेरिंग गेली, इंजिन उतरवा लागते." गेली पण असेल! पण मोजलं कुठं? मला अशाच एका ठिकाणी अर्ध्या इंजिनच्या कामाचा आकडा सांगून झाला होता आणि तोवर कोणी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल पाहायची पट्टी, पण काढून पाहिली नव्हती.

तर डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी काढा, पुसा, परत घाला, मग काढून पाहा. कमी असेल तर भरा, पण वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्त ऑइल क्रँकला लागून फेसाळतं आणि फेस पंप करून प्रेशर बनत नाही. आणि लोक इथं फक्त लेव्हल पाहतात, मी पण तेच केलं. माझी लेव्हल तर मागच्या महिन्यापेक्षा थोडी वर होती, मी खूश, म्हटलं पाहा जुनी गाडी असून ऑइल खात नाही. अहो, ऑइल आपोआप वाढत असतं का कधी? नाकाजवळ नेली असती पट्टी तर तेव्हाच कळलं असतं. पेट्रोलचा वास येत होता. दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला तर पाणी मिसळतंय, ती हेड पॅकिंगची वगैरे वेगळी भानगड.

लेव्हल ठीक असेल तर वायर. जुन्या गाड्यांत स्विचला बहुतेक एकच वायर असते. चाबी ऑन करा, इंजिन चालू नको, लाइट लागली पाहिजे. वायर काढली की विझली पाहिजे. काढूनही लागलेली असेल तर वायर कुठंतरी घासून बॉडीला अर्थ होतेय, प्रेशरचा काही संबंध नाही. आणि चाबी ऑन केल्यावर लाइट लागतच नसेल तर खूश होऊ नका, वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवा, तरी लागली नाही तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटलीय, म्हणजे प्रेशर शून्य झालं तरी तुम्हाला कळणार नाही. सेकंडहँड गाडी घेताना तर हे पाहाच, काही जण लाइटच काढून टाकतात.

यानंतर नवीन स्विच टाकून पाहू असं सगळे करतात. स्वस्त आहे, टाका, पण त्यानं निदान होत नाही. निदान करतं ते गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं काट्याचं मीटर. स्विच काढायचा, त्या जागी मेकॅनिकल गेजचा पाइप लावायचा, किटमध्ये वेगवेगळ्या आट्यांचे ॲडॉप्टर येतात, ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळून जातं. इंजिन पूर्ण गरम करा, रेडिएटरचा फॅन एक-दोन वेळा लागू द्या, मग वाचा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा हाच खरा, पण मेकॅनिक लोकांचा जुना हिशोब दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असा आहे आणि अंदाजाला तो पुरतो. स्लोचे आरपीएम पण पाहून घ्या, स्लो फारच खाली बसवलेला असेल तर धडधाकट इंजिन पण लाइट लुकलुकवतं.

काटा कसा वागतो त्यात खरी गोष्ट आहे. थंड असताना मस्त, गरम झाल्यावर स्लोला पडतो पण रेस दिली की चढतो, तर ऑइल पातळ झालंय नाहीतर बेरिंगचा गॅप वाढलाय. थंडपासूनच कमी आणि रेसलाही फारसा चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) उघडा अडकलाय किंवा ऑइल पंप घासलाय. आणि स्लोला ठीक पण रेस वाढवली की पडतो किंवा थरथरतो, तर चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी पाहा, पंप तिच्यातूनच ऑइल ओढतो. शेजारच्या काकांच्या झेनचं हेच होतं. स्पीडब्रेकरवर चेंबर आपटून आत दबलं होतं, ते ठोकून बसवताना कोणीतरी पॅकिंगला सिलिकॉन सीलंट बोटभर लावलं, आत दाबून निघालेले तुकडे जाळीवर जाऊन बसले. इंजिन एकदम चांगलं होतं. जुन्या मळकट इंजिनात एकदम फ्लश (आतून साफ करायचं लिक्विड) टाकला तरी तसंच होतं, सुटलेला सगळा काळा गाळ जाळीवर.

आता आपल्या नागपूरची आवडती चूक. "काहून टेन्शन घेता, जाड ऑइल टाका, लाइट बंद होऊन जाईन." होते बंद, खोटं नाही. १०० डिग्रीला ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (जाडपणाचं माप) असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९, म्हणजे जवळपास दुप्पट जाड. पण पंप प्रेशर बनवत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर बनतं बेरिंगच्या बारीक गॅपमधून ऑइल अडत अडत निघतं तेव्हा. तो गॅप दुप्पट झाला तर तितक्याच प्रेशरला ऑइल आठपट निसटतं. जाड ऑइलनं गॅप भरत नाही, फक्त लाइट झाकली जाते, आणि गाडी विकायच्या आधी लोक नेमकं हेच करतात. बाहेर ४५ डिग्री आहे म्हणून जाड पाहिजे हे पण अर्धच खरं, इंजिनमधलं ऑइल जानेवारीत पण लांबच्या रनला ९०-१०० ला जातंच. मॅन्युअलमध्ये आपल्या हवामानासाठी २०डब्ल्यू-५० (गरम असताना ५० ग्रेडचं ऑइल) लिहिलं असेल तर बिनधास्त टाका. मेकॅनिकनं सांगितलं म्हणून नाही.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकायचा जुगाड पण असाच. तो व्हॉल्व्ह प्रेशरला वरून लगाम लावतो, स्लोला तर तो बंदच असतो, मग वॉशरनं स्लोचं प्रेशर वाढणार कसं.

खरंच बेरिंगचा संशय असेल तर जुना फिल्टर कापून त्याचा कागद उघडा. चमचमणारा चुरा दिसला आणि तो चुंबकाला लागत नसेल, वर लोड दिल्यावर खालून जड ठकठक येत असेल, तर मग उतरवा इंजिन, तेव्हा मी पण अडवणार नाही.

माझ्या गाडीचं काय निघालं? कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला पेट्रोलचा मेकॅनिकल पंप असतो, त्याचं डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटून पेट्रोल हळूहळू ऑइलमध्ये उतरत होतं. म्हणून लेव्हल वाढली, म्हणून ऑइल पाण्यासारखं पातळ झालं. गरम स्लोला गेज पाच पीएसआयच्या आसपास. पंप बदलला, ऑइल-फिल्टर बदलला (आधी ऑइल बदलून बसू नका, पंप तसाच राहिला तर नवीन पण नासतं), तर काटा चौदावर. पाचशे किलोमीटरनंतर परत लावून पाहिलं, तेवढाच. त्या दहा-बारा किलोमीटरमध्ये बेरिंग वाचली हे नशीब. आता गेज डिकीतच असतो, कॉलनीत कोणाची लाइट लागली की आधी तो मागायला येतात, आणि परत करताना ॲडॉप्टर एखादा हमखास कमी असतो.