५०० गाड्यांची बेरीज ५०३ आली तेव्हा

लेक्सस एलएफए ही जपानी सुपरकार. बनल्या फक्त ५००, डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२, दिवसाला साधारण एक. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली शिफ्ट सुटली की मी त्यांची शीट भरतो: ५०० पैकी कितवी तो क्रमांक, व्हीआयएन (गाडीवर कोरलेला अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक), रंग, ऑर्डर कुठल्या देशाची. परवा बेरीज ५०३! जेवण गोड लागेना. रात्री एकेक ओळीवर बोट ठेवून तपासलं. एक्सेलने काही ओळींत ‘००७’ चं ‘७’ केलेलं, म्हणून तीच गाडी दोनदा. कुठे शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’. व्हीआयएनमध्ये आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे तिथले सगळे ‘ओ’ बिनधास्त शून्य केले. क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट करून पुढची शून्यं परत घातली, मगच डुप्लिकेट काढले. बेरीज ४८१. उरलेल्या १९ शोधतोय.