व्हॉल्व्ह रेडिओतला ‘चुकीचा’ व्हॉल्व्ह बदलताय? या चुका टाळा

जुना व्हॉल्व्ह रेडिओ उघडला आणि आत अपेक्षेपेक्षा वेगळा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीची निर्वात नळी) दिसला, की नव्या मंडळींचा निष्कर्ष तयार असतो: आधीच्या कुणीतरी भलताच बसवलाय, नाहीतर डिझाइन करणाऱ्याने काटकसर केलीय. मग हाताशी असलेला ‘जास्त चांगला’ व्हॉल्व्ह त्या सॉकेटमध्ये जातो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच सेटचं दुखणं नेमकं इथूनच सुरू झालेलं असतं.

हीटरची बेरीज न करणं

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अमेरिकन सेटमध्ये सगळे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) सिरीजमध्ये, थेट मेन्सवर असतात. तिथलं मेन्स सुमारे १२० व्होल्टचं, म्हणून हीटरच्या व्होल्टची बेरीज त्याच्या आसपास यायला हवी. नेहमीचा पाच व्हॉल्व्हचा संच घ्या: १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ (आउटपुट, म्हणजे स्पीकर चालवणारा) आणि ३५झेड५ (रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा). तीन ‘बारा’वाल्यांचे प्रत्येकी १२.६ व्होल्ट, वर ५० आणि ३५. झाले १२२.८. करंट सगळ्यांतून १५० मिलिअँपिअर.

काही सेटमध्ये मात्र आउटपुटला ३५एल६ सापडतो. तो कमजोर म्हणून लोक नाक मुरडतात. पण चेसिसवर (धातूच्या सांगाड्यावर) नजर फिरवलीत तर आरएफ स्टेजसाठी (एरिअलचा सिग्नल सुरुवातीलाच वाढवणारा टप्पा) आणखी एक १२एसके७ दिसेल. चार ‘बारा’वाल्यांचे ५०.४, त्यात ३५ आणि ३५ मिळवा: १२०.४. जास्तीच्या व्हॉल्व्हला लागणारे व्होल्ट आउटपुट व्हॉल्व्हकडून वळते केले आहेत. इतका साफ हिशेब आहे हा.

ओळखीच्या एका हौशी गृहस्थांनी असाच सहा व्हॉल्व्हचा सेट आणला. तक्रार अशी की तापायला फार वेळ घेतो, आवाज दबका आहे आणि बँडच्या खालच्या टोकाला स्टेशनच लागत नाही. ऑसिलेटर (स्टेशन निवडायला लागणारी लहर तयार करणारा भाग, इथे १२एसए७) बंद पडतोय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण पुढे १२एसए७ बदलला, मग ट्रिमर (ट्यूनिंग जुळवणारे छोटे कपॅसिटर) फिरवले, मग आयएफ कॅनचे (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलच्या डब्यांचे) स्क्रू पिळले. आउटपुटला ५०एल६ होता. ‘ताकद वाढावी’ म्हणून त्यांनीच घातलेला. पिना जुळतात, त्यामुळे शंका आली नाही. बेरीज गेली १३५ च्या वर, आणि प्रत्येक हीटरच्या वाट्याला कमी आलं. १२एसए७ च्या हीटरवर मीटर धरला तर जेमतेम ११ व्होल्ट. ३५एल६ परत बसवल्यावर सेट लगेच जागा झाला, पण पिळून ठेवलेलं अलाइनमेंट (ट्यूनिंगची जुळवणी) जागेवर आणण्यात सगळी संध्याकाळ गेली. आयएफचे स्क्रू हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. हे सांगून माझा घसा सुकला आहे.

उलटही होतं. पाच व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३५एल६ घातला तर बेरीज १०७.८ वर येते आणि सगळेच हीटर जास्त तापतात. मी तर सेट हातात आला की आधी कागदावर ही बेरीज मांडतो. तोवर प्लग लावत नाही.

पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं मानणं

६बीए६ च्या जागी ६एयू६ घालणारे मला नेहमी भेटतात. बेस तोच, हीटर तोच, रेडिओ वाजतोही. दूरचं स्टेशन तर छानच येतं. जवळचं, जोरदार स्टेशन लावलं की आवाज फाटतो. मग स्पीकरवर संशय, कपॅसिटरवर संशय.

६बीए६ च्या ग्रिडची (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीची) वेटोळी मुद्दाम विषम अंतरावर असतात, त्यामुळे ग्रिड ऋण होत गेली की गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) हळूहळू उतरतो; पार बंद व्हायला सुमारे उणे २० व्होल्ट लागतात. ६एयू६ उणे ६ च्या आसपासच मिटतो. एव्हीसीने (जोरदार स्टेशनला गेन आपोआप कमी करणाऱ्या व्यवस्थेने) जोरदार स्टेशनला थोडा दाब दिला की तो कोपऱ्यात सापडतो आणि सिग्नल कापतो. आयएफ स्टेजला एव्हीसी असेल तर तिथे ६बीए६ च हवा. युरोपियन सेटमध्ये ईएफ८९ चंही तेच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

३५झेड५ असलेल्या सेटमध्ये डायलचा दिवा गेला तर लगेच बदला. तो त्या व्हॉल्व्हच्या हीटरच्या एका तुकड्याला समांतर असतो. दिवा नसला की सगळा भार त्या तुकड्यावर पडतो, आणि तो तुटला की सगळी साखळी बंद. एलईडी लावणं हा इथे उपाय नाही.

१२एसक्यू७ चा हीटर साखळीत चेसिसच्या बाजूच्या टोकाला असतो, तो हमिंग कमी राहावं म्हणून. वायरिंग ‘सुटसुटीत’ करताना ही जागा बदलू नका.

‘एवढेच व्हॉल्व्ह कसे’ किंवा ‘इतके कशाला’ असं वाटलं तर सेटचा देश बघा. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात मार्कोनीला दर व्हॉल्व्ह-सॉकेटमागे साडेबारा शिलिंग रॉयल्टी द्यावी लागे, म्हणून एका काचेत दोन-दोन कामं कोंबली जात. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत उलट, व्हॉल्व्हची संख्या हीच जाहिरात होती. म्हणून फारसं काम न करणारा व्हॉल्व्हही तिथे सापडतो. पण साखळीतून तो काढलात तर सेट बंद.

चेसिस मेन्सला जोडलेली असू शकते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय आत हात घालू नका.

आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्ये ५वाय३ या रेक्टिफायरच्या जागी ५यू४ नको. पहिल्याचा हीटर २ अँपिअर घेतो, दुसऱ्याचा ३. ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसाच दुसरा शोधणं फार अवघड. सिलिकॉन डायोडचा शॉर्टकटही मला पटत नाही: ५वाय३ मध्ये पूर्ण लोडला ५० ते ६० व्होल्ट पडतात, डिझाइनमध्ये ते धरलेले असतात. डायोड लावायचाच असेल तर मालिकेत रेझिस्टर टाका आणि बी-प्लस (व्हॉल्व्हना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज) मोजून मूळ आकड्यावर आणा.