मागच्या अंगाला काचेची खोली काढण्यापूर्वी

लंडनमधलं व्हिक्टोरियन टेरेस हाऊस, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेलं ओळीतलं घर, घेतलं की वर्षभरात मागे काचेची खोली काढायचा विचार सुरू होतो. विचार चांगलाच आहे. दोन्ही बाजूंना शेजार असल्यानं या घरांची मधली खोली भरदुपारीही दिवा मागते. पण काचेचे नमुने बघायला जाण्याआधी मागच्या अंगणात गुडघे टेकून बसा आणि भिंतीच्या तळाशी भोकांच्या विटा शोधा. त्यांना एअरब्रिक म्हणतात. तळमजल्याची लाकडी जमीन वाशांवर असते, खाली पोकळी असते, आणि समोरच्या भोकांतून येणारी हवा मागच्या भोकांतून निघून जाते म्हणून ते वासे सव्वाशे-दीडशे वर्षं कोरडे राहिले. मागे काँक्रीट ओतलं की ती वाट बंद. मग ओल साचते, बुरशी धरते, वासे कुजतात. नव्या जमिनीखालून पाइप घालून हवा नव्या भिंतीपर्यंत न्यावी लागते. आमच्या पहिल्या नकाशात त्या विटा दाखवलेल्याच नव्हत्या. मी मोजल्या तेव्हा चार निघाल्या, त्यांतल्या दोन मातीत बुजलेल्या, एकीत गोगलगायींचे शंख. तुमच्या विटा मोजा आणि नकाशावर काढून घ्या.

तिथेच मॅनहोलचं झाकण दिसेल. या ओळीतल्या घरांची ड्रेन, म्हणजे सांडपाण्याची नळी, बहुधा सामायिक असते, आणि 2011 पासून अशा सामायिक ड्रेन पाणी कंपनीच्या ताब्यात आहेत. तिच्यापासून 3 मीटरच्या आत बांधायचं तर कंपनीची संमती आधी हवी. पायाजवळ एक खड्डा खणूनही बघा. जुना पाया उथळ, विटांचाच असतो. खाली चिकणमाती आणि जवळ मोठं झाड असेल तर नवा पाया बराच खोल न्यावा लागतो, आणि खर्च तिथेच वाढतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर वारसा यादीत असेल तर विशेष संमतीशिवाय वीटही हलवू नका, तो फौजदारी गुन्हा आहे. फ्लॅट असेल तर अर्जाशिवाय बांधायची सवलत नाही, पूर्ण परवानगीच लागते. एरवी अख्ख्या टेरेस घराला मागे 3 मीटरपर्यंतचं एकमजली बांधकाम उंचीच्या अटी पाळून अर्जाशिवाय चालतं. तरी कौन्सिलकडून कायदेशीरपणाचा दाखला घ्या, घर विकताना तो लागतो. जतन क्षेत्रात, म्हणजे जुनं रूप जपायला कौन्सिलनं आखलेल्या भागात असाल, तर ही सवलत काढून घेतलेली नाही ना, एवढं विचारा.

सामायिक भिंतीचा 1996 चा कायदा मात्र सवडीनं वाचा. भिंतीला हात लावायचा तर दोन महिने आधी, शेजारच्या पायाजवळ त्याहून खोल खणायचं तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. 14 दिवसांत उत्तर आलं नाही तर वाद आहे असं धरलं जातं आणि तो सोडवायला सर्व्हेयर नेमावे लागतात. म्हणून आधी स्वतः जाऊन बसा, नकाशा दाखवा, आणि नोटीस त्यानंतर पाठवा. अचानक दारात पडलेलं कायदेशीर पत्र कुणालाही झोंबतं.

आता काच. बांधकाम नियमांचा साधा हिशेब असा की नव्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या 25 टक्के, अधिक बुजलेल्या जुन्या दारं-खिडक्यांचं क्षेत्रफळ, एवढी काच बसते. छतही काचेचं हवं तर उष्णतेची गळती इतरत्र भरून काढल्याचं गणित द्यावं लागतं. मागची बाजू पश्चिमेला असेल तर ऊन अडवणारी काच घ्या, नाहीतर जुलैत संध्याकाळी तिथे बसवणार नाही. मोठी काच घराच्या बोळातून आत जात नाही, क्रेननं छपरावरून येते. त्यासाठी समोरचं पार्किंग बंद करायची परवानगी आधी काढावी लागते. शिवाय मापं लोखंडी तुळया बसल्यावरच घेऊ द्या. आपल्या घरांसाठी आणखी एक: फोडणीचा धूर बाहेर नेणारा पाइप कुठून जाणार ते काच मागवण्याआधी ठरवा. हिवाळ्यात कुकरची वाफ काचेवर जमून ओघळते.

मागची भिंत पाडतील त्या दिवशी घरी थांबा. पिवळसर लंडन विटा चुन्यात बांधलेल्या असतात, चुना हातोडीच्या हलक्या ठोक्यानं सुटतो. त्या कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नका. साफ करून कुंपणाशी रचून ठेवायला सांगा, नव्या बाजूच्या भिंतीला त्याच लागतील.