क्यूचा शाफ्ट साफ करायचाय? पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा

शाफ्ट म्हणजे पूल-स्नूकरच्या क्यूचा, खेळायच्या काठीचा, पुढचा निमुळता भाग. तो चिकट लागायला लागला की हॉलमधला कोणीतरी हमखास पॉलिश पेपरचा तुकडा पुढे करतो. दोन मिनिटं घासलं की शाफ्ट बोटांतून सुळकन सरकतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. आठवड्याने परत चिकट, परत पेपर. असं दोन पावसाळे चाललं की शाफ्ट मधेच बारीक झालेला असतो, टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळतं होत जाणं, गेलेला असतो आणि क्यू मारताना लवतो. मग दोष टिपेला, म्हणजे टोकावरच्या चामड्याच्या गोल तुकड्याला, दिला जातो. चिकटपणा हा हाताच्या तेलाचा आणि टिपेला लावायच्या खडूच्या भुकटीचा असतो, लाकडाचा नसतो. तेल काढायचं सोडून लाकूड काढणं म्हणजे शर्ट मळला म्हणून कापड खरवडण्यासारखं आहे.

खाली सांगितलंय ते मेपल लाकडाच्या पूल शाफ्टसाठी. स्नूकरचा क्यू बहुतेक वेळा ॲश लाकडाचा असतो. त्याची छिद्रं उघडी असतात, त्यामुळे काही ठिकाणी रीत बदलते. ते जिथल्या तिथे सांगतो. कार्बन फायबरचा शाफ्ट असेल तर अल्कोहोलने पुसा आणि खेळायला जा, पुढचं वाचू नका.

सामान

दोन सुती फडकी, जुनी बनियन उत्तम. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आयपीए म्हणून मागा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं ३० टक्के पाणी असतं. मॅजिक स्पंज म्हणून मिळतो तो पांढरा मेलामाइनचा स्पंज. मास्किंग टेप. २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, पण तो पाकिटातच राहू दे. आणि हाताच्या पंजाएवढा चामड्याचा तुकडा.

चामड्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांची चैन आहे. आपल्या चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, घट्ट आणि टणक, शाफ्ट घोटायला त्याच्यासारखं दुसरं नाही. चप्पल लाइनमध्ये किंवा कुणा कारागिराकडे कातरण मागा. फक्त दोन गोष्टी बघून घ्या: रंग दिलेलं नको आणि तेल लावलेलं नको. रंग शाफ्टला लागतो, आणि तेल तर आपण काढायलाच बसलोय. शंका असेल तर पांढऱ्या कागदावर जोरात घासून बघा. डाग उठला तर ते चामडं परत देऊन टाका.

व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर सुरुवातीलाच तीन ठिकाणी माप घेऊन लिहून ठेवा: फेरूलच्या (टिपेखालच्या छोट्या नळीच्या) लगेच खाली, तिथून १५ सेंटिमीटरवर आणि ३० सेंटिमीटरवर. पूल शाफ्ट टिपेजवळ साधारण १२.७५ ते १३ मिलिमीटर असतो. पुढे कधी कुणी ‘जरासा पेपर मारू या’ म्हणालं, तर हे आकडे त्याच्यासमोर धरता येतात.

पुसणं

कोरड्या फडक्याने टिपेकडून जॉइंटकडे, म्हणजे शाफ्ट मागच्या जाड भागाला (बटला) जोडतो तिथपर्यंत, पुसा. खडूची भुकटी आधी निघायलाच हवी. क्यूचा ‘खडू’ हा शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी ज्याचं पेटंट घेतलं, त्या खडूत सिलिका आणि कोरंडमसारखी घासणारी द्रव्यं आहेत. ती शाफ्टवर तशीच राहिली आणि वरून ओलं फडकं फिरवलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने बारीक पॉलिश पेपर मारताय.

मग दुसऱ्या फडक्यावर थोडं अल्कोहोल घेऊन पुसा. फडकं ओलसर हवं, टपकणारं नको. पिवळट-काळा थर फडक्यावर येईल, तेच ते तेल. फडकं दुमडत राहा आणि डाग येणं थांबेपर्यंत पुसा. जॉइंटच्या चार बोटं अलीकडे थांबा. तिथे आणि बटवर लॅकर किंवा फ्रेंच पॉलिश असतं, आणि फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. अल्कोहोल लागलं की ती परत विरघळते आणि चमक गेलेला पांढुरका पट्टा मागे राहतो. आणि हे करताना शेजारी पेटता गॅस, उदबत्ती काही नको.

एवढ्यावर दहातले आठ शाफ्ट खेळण्याजोगे होतात. इथे थांबलात तरी चालेल.

थर फारच जुना असेल तर स्पंज. पाण्यात बुडवून पूर्ण पिळा, मग कोरड्या फडक्यात दाबून अजून पिळा. वीतभर भाग घ्या, लांबीच्या दिशेने चार-पाच हात मारा आणि लगेच कोरडं पुसा. मग पुढची वीत. स्पंज मऊ वाटतो पण तोही घासणाराच आहे, म्हणून दोन महिन्यांतून एकदा, त्याहून जास्त नाही. फेरूलजवळच्या चार-पाच इंचांवर निळसर छटा राहीलच. ती छिद्रांच्या आत गेलेली आहे आणि खेळाला तिचा काडीचा त्रास नाही. शाफ्ट दुकानातल्यासारखा पांढरा दिसावा या हट्टापायी जेवढे शाफ्ट वाया जातात, तेवढे वापरून जात नसतील.

पोचे काढणं, आणि वाट बघणं

आता खरं काम. इथेच बहुतेकांचा हात फसतो.

क्यू टेबलाच्या कडेवर आपटला, खुर्चीवर पडला की शाफ्टला पोचा येतो. डोळ्याला दिसत नाही, पण ब्रिजमधून, म्हणजे पुढच्या हाताच्या बोटांच्या आधारातून, सरकताना बोटाला दर फटक्याला टोचतो. शोधायचा असेल तर शाफ्ट दिव्याखाली आडवा धरून हळूहळू फिरवा आणि नखाची कड लांबीच्या दिशेने ओढा. सापडला की पेन्सिलने खूण करू नका, शेजारी टेपचा तुकडा चिकटवा.

आधी ठरवा की लाकूड दबलंय की तुटलंय. दबलेल्या जागी रेषा अखंड असतात, फक्त खाली गेलेल्या. हे लाकूड पाण्याने परत वर येतं. रेषा तुटल्या असतील, कड धारदार लागत असेल, तर पाणी आणि वाफ कितीही द्या, ती जागा भरणार नाही. तो क्यू चांगल्या कारागिराकडे न्या.

दबलेल्या जागेवरचं तेल अल्कोहोलने काढा, नाहीतर पाणी आत शिरत नाही. ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा कापूस ओला करून फक्त पोच्यावर ठेवा, पाच मिनिटं. दरम्यान स्टीलचा चमचा उकळत्या पाण्यात ठेवा. चमचा बाहेर काढून पुसा आणि त्याची पाठ कापसावर दहा सेकंद दाबा. कापूस परत ओला करा, चमचा परत गरम करा. चार-पाच वेळा. इस्त्रीच्या टोकानेही हे होतं आणि बरेच जण तसंच सांगतात, पण इस्त्री लाकूड करपवू शकते, उकळत्या पाण्यातला चमचा नाही. फेरूलपासून तीन इंचांच्या आत पोचा असेल तर उष्णता अजिबात नको. आतला डिंक मऊ पडला तर फेरूल हलायला लागतं. तिथे नुसता ओला कापूस, जरा जास्त वेळ, आणि जेवढं येईल तेवढं.

कापूस काढलात की पोच्याच्या जागी उलट फुगवटा दिसेल, आजूबाजूचं लाकूडही खरबरीत लागेल. आणि बरोबर याच क्षणी हात पेपरकडे जातो. जाऊ देऊ नका.

फुगलेलं लाकूड हे पाण्याने फुगलेलं आहे. तो उंचवटा आत्ता घासून सपाट केलात, तर उद्या पाणी उडून गेल्यावर लाकूड आक्रसेल आणि तिथे खड्डा पडेल. आधीचा पोचा दबलेला होता, परत वर आणता येत होता. हा खड्डा लाकूड काढून झालेला आहे, तो कशानेच भरत नाही. स्पंजनंतर जो सगळा शाफ्ट किंचित खरबरीत लागतो, त्यालाही हाच नियम.

किती थांबायचं? उन्हाळ्यात पूर्ण एक दिवस. जुलैत, आठवडाभर उघडीप नसताना, तीन दिवस. हेअर ड्रायर नको, गच्चीवरचं ऊन तर नकोच. एक बाजू आधी सुकली की शाफ्ट त्या बाजूला वाकतो. पंख्याच्या खोलीत, पण थेट झोताखाली नाही, आडवा ठेवा आणि विसरून जा. सुकल्यावर अर्धाअधिक फुगवटा आपोआप बसलेला असतो. पोचा अजून खोल असेल तर सगळं परत एकदा. दोनदा करून जे उरेल ते राहू द्या.

पेपर न मारता थांबायचं, हे पुढेही लागू. पावसाळ्यात कुणीतरी शाफ्ट घेऊन येतो आणि म्हणतो की लाकूड फेरूलच्या वर आलंय, नखाला कड लागते, जरा घासून लेव्हल करू. लाकूड वर आलेलं नाही, हवेतला ओलावा पिऊन फुगलंय. फेरूल प्लास्टिकचं, ते फुगत नाही. हार्ड मेपल पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत एका दिशेने सुमारे १० टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे ५ टक्के आक्रसतं, लांबीत मात्र जवळपास नाहीच. म्हणजे लाकडातला ओलावा नुसता चार टक्क्यांनी वाढला, तरी १३ मिलिमीटरच्या शाफ्टच्या जाडीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक पडू शकतो. नखाला तेवढं पुरतं. ऑगस्टमध्ये ते घासून लेव्हल करा, मार्चमध्ये लाकूड आक्रसलं की फेरूल वर आणि लाकूड खाली. मग फेरूल घासायचं, मग टिप मोठी वाटते, मग ती कापायची. थांबा, पाऊस जाऊ द्या.

उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, ओळखीचे लेथवाले असतात, ‘पाच मिनिटांत करून देतो’ म्हणतात. ते लोखंडावर देव माणूस आहेत, पण शाफ्ट त्यांच्या हाती देऊ नका. लेथचा चक (पकड) दाबतो तिथे लाकूड चिरडतं, फिरता पेपर रेषांच्या आडवे ओरखडे काढतो आणि टेपरचं माप कुणीच विचारत नाही.

घोटणं

शाफ्ट पूर्ण कोरडा झाल्यावरच. चामडं शाफ्टभोवती गुंडाळून मुठीत घट्ट धरा आणि वीतभर भागावर लांबीच्या दिशेने जोरात, जलद वीस-पंचवीस हात मारा. चामडं गरम लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. फेरूलच्या दोन बोटं अलीकडे हात हलका. उठलेले बारीक तंतू दाबून बसतात, लाकूड निघत नाही. पेपर आणि चामड्यात हाच फरक. चामडं नसेल तर जाड खाकी कागद चालतो. नोटेने घोटणारेही आहेत. नोटेचा कागद कापसाचा असतो, त्यामुळे काम होतं, पण शाई शाफ्टला लागली तर तक्रार करू नका.

घोटूनही एखादी जागा खरबरीत राहिली तर आता पाकीट उघडा. २००० नंबरचा पेपर, कोरडाच, फक्त त्या जागेवर पाच-सहा हलके हात, मग परत चामडं.

शेवटचा हात

मेपलला कार्नौबा मेणाचा अगदी पातळ थर द्या, दहा मिनिटांनी पुसून परत घोटा. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश नको, खोबरेल तेल तर मुळीच नको. ते सुकत नाही, धूळ धरतं आणि आठवड्यात परत चिकट. ॲशच्या क्यूला बॉइल्ड लिन्सीड ऑइलचे (जवसाच्या तेलाचे) चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन चोळा, पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढा, रात्रभर ठेवा. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

फेरूल शेवटी. लाकडावर मास्किंग टेप गुंडाळा, प्लास्टिकचं असेल तर स्पंजचं टोक, पितळी असेल तर पॉलिशचा एक ठिपका. टेपशिवाय पितळ घासलं की निघणारी काळी मळी ॲशच्या छिद्रांत बसते आणि तिथून हलत नाही.

रोजचं

खेळून झालं की कोरडं फडकं, तीस सेकंद. हाताला घाम येत असेल तर ग्लोव्ह घ्या. टाल्कम पावडर घामात मिसळून जी लापशी होते, तीच पुढच्या महिन्यात तुम्ही खरवडत बसता. क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, गाडीच्या डिकीत सोडू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. निळ्या दाण्यांच्या असतील तर ते गुलाबी झाले की पुडी पाणी पिऊन बसली, बदला.

क्यू पुराच्या पाण्यातच गेला, २०१९ आणि २०२१ ला ज्यांनी पंचगंगा घरात बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको, तर गाळ साध्या पाण्याने धुऊन शाफ्ट आणि बट वेगळे करा, सावलीत आडवे ठेवा आणि दर दोन दिवसांनी पाव वळण फिरवा. महिनाभर त्याला हात लावायचा नाही. मग व्हर्नियर घ्या आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा.