रोमहून क्रूझ घेताय? विमान, बंदर आणि जोडून घेतलेल्या दिवसांच्या या चुका टाळा

‘रोम ते रोम, ७ रात्री’ अशी जाहिरात वाचून आपण रोमचं तिकीट काढतो. जहाज मात्र रोमहून सुटत नाही. ते सुटतं चिवितावेक्कियाहून, आणि हे बंदर रोमच्या वायव्येला साधारण ७० किलोमीटरवर आहे. क्रूझच्या सुट्टीत जहाजावर चढल्यानंतर फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते चढण्याआधीच्या दोन दिवसांत आणि उतरल्यानंतरच्या सहा तासांत, कारण विमान उशिरा सुटू शकतं, पण जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून आखणी मुंबईपासून पुढे करत जाऊ नका. धक्क्यावर चढण्याची वेळ कधी संपते तिथून मागे मोजत या.

शहराचं नाव वाचलं, बंदराचं नाही

‘रोम’सारखी फसगत युरोपात जागोजागी आहे. ‘लंडन’ म्हणजे बहुतेक वेळा साउदॅम्प्टन, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकवरचं वार्नेम्युंडे. शेवटच्या दोन्ही ठिकाणी शहर आणि धक्का यांत २०० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंतर आहे. ‘व्हेनिस’च्या बाबतीत तर विशेष सावध राहा. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली क्रूझ प्रत्यक्षात मारगेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्नाहून सुटू शकते, आणि त्रिएस्ते वा रावेन्ना म्हणजे व्हेनिसहून रस्त्याने दोन तासांची बाब. याउलट बार्सिलोनाचं बंदर शहराला लागूनच आहे आणि विमानतळही जवळ. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः आजी-आजोबा सोबत असतील तर, बार्सिलोना सोपं पडतं.

एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांच्या भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच फेऱ्या गोल असतात आणि त्यांत एकाहून अधिक बंदरांवर चढता येतं. तेच जहाज, तोच मार्ग, फक्त सुरुवात वेगळी. बुकिंग करताना हे विचारा. मुंबईहून कोणत्या शहराला विमान सोयीचं पडतं ते पाहून बंदर निवडता येतं.

जहाज सुटण्याची वेळ हीच शेवटची वेळ समजणं

कागदावर ‘प्रस्थान १८:००’ असेल, तर चेक-इन त्याच्या एक ते दोन तास आधीच बंद होतं. नेमकी वेळ कंपनीच्या बोर्डिंग कागदावर असते. ती लाल शाईने अधोरेखित करा.

आता त्याच दिवशी पोहोचणाऱ्या विमानाचा हिशेब मांडून पाहू. विमान दुपारी १ वाजता रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलं. इमिग्रेशनला एक तास, बॅगा यायला पाऊण तास, ड्रायव्हर शोधून गाडी सुटेपर्यंत वीस मिनिटं, बंदरापर्यंत एक ते सव्वा तास. म्हणजे चार वाजून पाच ते वीस मिनिटं. चेक-इन साडेचारला बंद होणार असेल तर हे गणित जेमतेम जमतं, आणि तेही मुंबईहून सगळं वेळेवर सुटलं तरच. जून-जुलैतल्या मुंबईच्या पावसात त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून किमान एक रात्र आधी पोहोचा. शक्य असेल तर दोन. दुसऱ्या रात्रीचं कारण थकवा नसून बॅग आहे. कनेक्शनमध्ये मागे राहिलेली बॅग बहुतेकदा पुढच्या एक-दोन दिवसांत येते. तुम्ही हॉटेलात असाल तर ती तिथे पोहोचते. जहाज सुटलं असेल तर ती तुमच्या मागे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हिंडत राहते, आणि तुम्ही रोज तेच कपडे धुता. दोन दिवसांचे कपडे आणि सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच ठेवा.

पहाटेच्या विमानाची तारीख

मुंबईहून आखातातून किंवा युरोपला जाणारी पुष्कळ विमानं रात्री दोन ते पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर ‘१२ जून, ०३:५०’ असेल तर घरून निघायचं ११ जूनच्या रात्री. १२ जूनच्या रात्री विमानतळावर जाऊन उभे राहिलेले प्रवासी काउंटरवरच्या लोकांना नवे नाहीत. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ‘११ जून, रात्री ११:३०, विमानतळावर’ अशी नोंद करून टाका. विमानाची तारीख लिहूच नका. इटली उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. हॉटेलचं बुकिंग पोहोचण्याच्या तारखेचं आहे ना, तेही याच वेळी तपासा.

पुण्याहून येणाऱ्यांनी पावसाळ्यात घाटातल्या कोंडीसाठी नेहमीच्या वेळेपेक्षा दोन-तीन तास जास्त धरावेत. नागपूर किंवा अन्य शहरातून विमानाने मुंबई गाठणार असाल, तर कोणत्या विमानतळावर उतरता ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथे उतरून पुढचं विमान सांताक्रूझ-अंधेरीच्या जुन्या विमानतळावरून पकडायचं असेल, तर मध्ये सगळी मुंबई आहे.

स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं

मुंबई–दुबई एका कंपनीचं, दुबई–रोम दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढली की दोघींपैकी कोणीच पूर्ण प्रवासाला बांधील राहत नाही. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘गैरहजर’ धरते. सामान बाहेर काढून पुन्हा जमा करावं लागतं, त्यासाठी त्या देशात प्रवेश घ्यावा लागू शकतो, म्हणजे आणखी एक व्हिसा. एकाच पीएनआरवर असाल तर पुढचं विमान मिळवून देणं हे त्या कंपनीचं काम असतं.

क्रूझ बार्सिलोनाला सुरू होऊन चिवितावेक्कियाला संपत असेल, तर दोन एकेरी तिकिटांऐवजी ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून एकच तिकीट काढा. आणि कितीही घोळ झाला तरी पहिला टप्पा न सांगता सोडू नका. बहुतेक कंपन्या पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे, परतीचासुद्धा, रद्द करतात.

कनेक्शन कुठे आहे यावर वेळ किती लागेल ते ठरतं. दोहा, दुबई किंवा अबुधाबीमार्गे गेलात तर शेंगेनची (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची) इमिग्रेशन रोममध्ये होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती तिथे होते आणि रोमचा टप्पा देशांतर्गत विमानासारखा असतो. युरोपची नवी संगणकीय सीमानोंदणी, म्हणजे ईईएस, १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यात पहिल्या प्रवेशाला जास्त वेळ लागतो. फ्रँकफर्टला दीड तासाचं कनेक्शन मिळत असेल तर ते घेऊ नका; तीन तासांचं घ्या.

व्हिसा फक्त क्रूझच्या दिवसांपुरता

शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही, ही खरी अडचण. क्रूझची उरलेली रक्कम साधारणपणे निघण्याच्या दोन-तीन महिने आधी भरावी लागते. त्या तारखेच्या आत व्हिसा हातात येईल असा अर्ज टाकला तर व्हिसा नाकारला गेला तरी पूर्ण पैसे बुडत नाहीत. तोपर्यंत विमानाचं तिकीट बदलता किंवा रद्द करता येण्याजोगं ठेवा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे क्रूझच्या आगेमागे जोडून घेतलेले दिवस बदलू शकतात. जिथे सर्वांत जास्त दिवस, तिथे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा प्रवेश, तिथे. क्रूझ रोमहून असली तरी नंतर बार्सिलोनात चार दिवस राहणार असाल, तर अर्ज स्पेनकडे जाऊ शकतो. म्हणून जोडून घेतलेले दिवस आधी पक्के करा, मग अपॉइंटमेंट घ्या.

जहाज मध्येच ट्युनिशिया, तुर्कस्तान, माँटेनिग्रो अशा शेंगेनबाहेरच्या देशात जात असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. अनेक प्रवेशांचाच मागा. त्या देशांच्या स्वतःच्या अटी वेगळ्या, त्याही क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. विमा किमान ३० हजार युरोंचा, आणि घरून निघण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंतचा हवा. फक्त शेंगेनपुरता विमा ट्युनिसच्या रस्त्यावर उपयोगाचा नाही. जहाजावरचा दवाखाना पैसे आधी तुमच्या खात्यावर लावतो, म्हणून विम्यात क्रूझ आणि ‘प्रवास चुकणे’ हे दोन्ही मुद्दे आहेत का ते वाचा.

नावाचंही पाहा. महाराष्ट्रातल्या पासपोर्टांवर नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन्ही नावं असतात. विमानाच्या तिकिटावर फक्त पहिलं नाव, क्रूझवर दोन्ही आणि व्हिसावर तिसरंच, असं झालं की काउंटरवर खुलासे करत बसावं लागतं. तिन्हीकडे पासपोर्टाबरहुकूम लिहा.

विमानतळ ते बंदर

चार पर्याय आहेत: क्रूझ कंपनीची बस, आधी ठरवलेली खासगी गाडी, टॅक्सी आणि रेल्वे.

कंपनीची बस महाग पडते, पण तिच्यामुळे उशीर झाला तर ती जबाबदारी कंपनीची. त्याच दिवशी पोहोचण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर हीच घ्या.

खासगी गाडी ठरवताना माणसं मोजू नका, बॅगा मोजा. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या मोटारीत बसत नाहीत. आठ आसनी गाडी सांगा. ड्रायव्हरला विमानाचा क्रमांक द्या आणि जहाजाचं नाव द्या. नुसतं ‘चिवितावेक्किया बंदर’ पुरत नाही, कारण बंदर लांबलचक आहे आणि एकाच दिवशी चार-पाच जहाजं लागलेली असतात.

रेल्वे सर्वांत स्वस्त, आणि इथेच सर्वाधिक लोक चुकतात. लिओनार्दो एक्सप्रेस विमानतळाहून थेट तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला जाते, ३२ मिनिटांत, मध्ये कुठेही न थांबता. बंदराला जायचं असेल तर ती उलट्या दिशेची पडते. त्याऐवजी एफएल-१ मार्गाची साधी गाडी घ्या, त्रास्तेवेरेला उतरा आणि तिथून चिवितावेक्कियाची गाडी पकडा. गाड्यांमधल्या थांब्यासह दोन तास धरा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. नाहीतर दंड होतो. चिवितावेक्किया स्टेशनहून लार्गो देल्ला पाचे इथे जायचं, आणि तिथून बंदराची बस जहाजापर्यंत नेते. प्रत्येकाला आपली बॅग स्वतः जिन्यावरून उचलता येत असेल तरच हा मार्ग घ्या.

इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर होतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तपासा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या धावतात.

राहायचं कुठे, आणि दिवस कोणता

सकाळी उतरत असाल तर रोममध्येच राहा. तेर्मिनीपेक्षा सान पिएत्रो किंवा त्रास्तेवेरे स्टेशनजवळचं हॉटेल बरं, कारण चिवितावेक्कियाच्या गाड्या तिथे थांबतात आणि तेर्मिनीवर त्या मुख्य दालनापासून बऱ्याच लांबच्या फलाटांवरून सुटतात. रात्री नऊनंतर उतरणार असाल तर रोम गाठण्याचा अट्टाहास सोडा. फ्युमिचिनोजवळ झोपा. हॉटेलच्या दरात शहराचा पर्यटन कर धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्रीचा, वेगळा द्यावा लागतो.

रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून गर्दी अफाट. शनिवारी उतरून रविवारी व्हॅटिकन आणि संध्याकाळी जहाज, अशी आखणी त्यामुळेच कोसळते. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ते ताडून पाहतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. जहाजाच्या दिवशी सकाळी कुठलंही वेळेचं तिकीट काढू नका. बघायचं सगळं आदल्या दिवशी उरका, किंवा परतल्यावर एक रात्र ठेवा.

शेवटची सकाळ

आदल्या रात्री बॅगा खुणेच्या चिठ्ठ्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्यात पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि सकाळचे कपडे जाऊ देऊ नका. रात्रीच्या पायजम्यात खाली उतरायची वेळ येते ती इथे. उतरणं रंगानुसार गटागटाने होतं. लवकर निघायचं असेल तर स्वतःच्या बॅगा स्वतः घेऊन उतरण्याचा पर्याय आदल्या दिवशी स्वागतकक्षात मागून घ्या.

जहाज सकाळी सहा-सातला लागतं, तुम्ही साडेआठला बाहेर पडता, गाडीने दहापर्यंत विमानतळ. तीन तास आधी पोहोचायचं धरलं तर दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नये. रेल्वेने जाणार असाल किंवा खरेदीवरच्या कराचा परतावा घ्यायचा असेल, तर तीननंतरचं घ्या.

तरीही जहाज चुकणार असेल तर

विमान उशिरा आहे हे कळताक्षणी क्रूझ कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो बोर्डिंग कागदावर असतो. फोनमध्ये साठवा आणि कागदावरही ठेवा. जहाजाचं नाव, केबिन किंवा बुकिंग क्रमांक आणि नवी पोहोचण्याची वेळ सांगा. त्यानंतर विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन परतीचा टप्पा कायम ठेवल्याची नोंद करून घ्या आणि उशिराचं लेखी प्रमाणपत्र मागा. विम्याचा दावा त्यावरच उभा राहतो. पुढच्या बंदरावर चढायचं असेल तर आधी कंपनीची परवानगी हवी, नुसतं तिथे जाऊन उभं राहून चालत नाही. ते बंदर इटली, फ्रान्स किंवा स्पेनमध्ये असेल तर तुमचा व्हिसा पुरतो. ट्युनिससारखं शेंगेनबाहेरचं असेल, तर ते सोडून त्यानंतरच्या शेंगेनमधल्या बंदरावर चढण्याची परवानगी मागा, आणि ती ईमेलवर मिळाल्याशिवाय नवं तिकीट काढू नका.