तातडीच्या विभागात या चुका टाळा: निदानाचा शिक्का घाईने मारू नका

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात होणाऱ्या चुकांचा हिशेब मांडायला बसले, तर निव्वळ अज्ञानामुळे झालेल्या चुका थोड्याच निघतात. ज्या डॉक्टरला हृदयविकाराच्या झटक्याची सारी लक्षणे तोंडपाठ असतात, त्याच्याच हातून रात्री दोन वाजता घामाघूम झालेल्या रुग्णाला पित्तावरच्या पँटोप्राझोलचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते, कारण केसपेपरवर कोणीतरी आधीच ‘ॲसिडिटी’ असे लिहून ठेवलेले असते. एकदा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक जण त्याला पूरक असेच प्रश्न विचारतो आणि न जुळणाऱ्या गोष्टी नकळत बाजूला सारतो. कॅज्युअल्टीत नव्याने उभे राहणारे इंटर्न, लहान रुग्णालयांत रात्रपाळी करणारे वैद्यकीय अधिकारी आणि त्यांच्यासोबतच्या परिचारिका यांच्यासाठी पुढील टिपणे आहेत.

सोलापुरात या अडचणीला आणखी दोन पदर आहेत. येथे येणारा रुग्ण पुष्कळदा थेट घरून आलेला नसतो. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर, कधी सीमेपलीकडील इंडी किंवा आळंद येथील दवाखान्यातून एक सलाईन, दोन इंजेक्शने आणि एक चिठ्ठी घेऊन तो पोहोचतो, आणि चिठ्ठीवरचे निदान जसेच्या तसे आपल्या केसपेपरवर उतरते. दुसरा पदर भाषेचा आहे. पूर्व भागातील विणकर कुटुंबातली वयस्क बाई तेलुगूत सांगते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये सांगतो, आणि ते मराठीत आणणारा मुलगा किंवा जावई आपला निष्कर्ष त्यात मिसळून देतो: ‘काही नाही डॉक्टर, पित्त झालंय त्यांना.’ ती भाषा जाणणारी सिस्टर किंवा वॉर्डातले मामा पाळीवर असतील, तर त्यांना दोन मिनिटे बोलावून दुखणे केव्हा सुरू झाले, तेव्हा रुग्ण काय करत होता, दुखणे कुठवर पसरते आणि पूर्वी असे कधी झाले होते का, एवढे तरी थेट रुग्णाच्या तोंडून ऐकावे. ही दोन मिनिटे कोणत्याही तपासणीपेक्षा स्वस्त पडतात.

छाती आणि पोटाच्या सीमेवरचे दुखणे

पित्त हे निदान इतर शक्यता वगळल्यानंतरच लिहावे. रुग्ण स्वतःच कारण पुरवतो: रात्री शेंगाचटणी जास्त झाली, कडक भाकरी बाधली. ते खरेही असेल, पण चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाला बेंबीच्या वर कुठेही दुखत असेल, तर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघालाच पाहिजे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ येतेच असे नाही; धाप, घाम, उलटी किंवा एकाएकी आलेला थकवा एवढेच लक्षण असू शकते.

पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणजे प्रश्न मिटला असे मानणे ही दुसरी चूक. दुखणे सुरू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढावा आणि घरी जुना असल्यास तो आणवून शेजारी ठेवावा. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचेही तेच. दुखणे सुरू होऊन तासभरच झाला असेल, तर निगेटिव्ह अहवालाला फारसा अर्थ नसतो आणि काही तासांनी दुसरा नमुना घ्यावाच लागतो. अँटासिडने आराम पडला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. तसेच जिभेखालच्या गोळीने बरे वाटले म्हणून हृदयविकार सिद्धही होत नाही.

याच गोळीबद्दल आणखी एक इशारा आवश्यक आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसत असताना छातीच्या उजव्या बाजूची ईसीजी नोंद (व्ही-४-आर) न पाहता सॉर्बिट्रेट देणे धोक्याचे असते, कारण उजवा कप्पा बाधित असेल तर रक्तदाब एकदम कोसळतो. गुठळी विरघळवणारे औषध सुरू करण्यापूर्वी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा. पाठीत फाडल्यासारखी कळ आणि दोन हातांत मोठी तफावत असेल, तर महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा, आतला पदर फाटलेला असू शकतो आणि तेथे तेच औषध जीव घेते.

बेशुद्ध रुग्णाची साखर

ही चूक टाळणे इतके सोपे आहे की ती अजूनही का घडते याचे नवल वाटते. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की नातेवाईक ‘पॅरालिसिस’ म्हणतात, चिठ्ठीवरही तेच असते आणि रुग्ण सरळ सीटी स्कॅनकडे निघतो. रक्तातील साखर घसरली तर हुबेहूब असेच चित्र दिसते, आणि ग्लुकोमीटरला एक मिनिटही लागत नाही. शुद्धीत फरक असलेल्या, झटके आलेल्या, बरळणाऱ्या किंवा नशेत वाटणाऱ्या प्रत्येक रुग्णाची साखर त्याला खाटेवर घेताक्षणी मोजावी.

एकादशीला किंवा रमजानमध्ये उपवास धरणारे, पण गोळी मात्र न चुकवणारे मधुमेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. आषाढीत पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वयस्क वारकऱ्यांचीही तीच गत होते. येथे एक सापळा आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) देताच उठून बसतो आणि सगळे खूश होतात, पण औषधाचा अंमल टिकून असल्याने काही तासांनी साखर पुन्हा घसरते. मूत्रपिंड मंदावलेले असेल तर अधिकच. अशा रुग्णाला किमान २४ तास ठेवून साखर वरचेवर मोजावी. साखर ठीक असूनही लुळेपणा राहिला, तर मात्र घड्याळाकडे धावावे. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता हे विचारावे, कारण गुठळी विरघळवण्याची साडेचार तासांची मुदत तेथून मोजली जाते. झोपेतून उठताना लुळेपणा दिसला असेल, तर उठल्याची वेळ उपयोगाची नाही.

दिसत नसलेला दंश आणि फवारणीचे विष

उन्हाळ्यात अंगणात किंवा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो, उलटी करतो, घसा धरल्यासारखे वाटते म्हणतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. मण्यार या विषारी सापाचा दंश असाच फसवतो. सूज नाही, दुखत नाही, दातांच्या खुणाही दिसतीलच असे नाही. अशा रुग्णाला पोटदुखीचे इंजेक्शन देऊन झोपवले, तर श्वास थांबेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाची पोटदुखी आणि पापणी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची सवय लावून घ्यावी. स्नायूंना बळ देणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधावर येथे भिस्त ठेवू नये, कारण मण्याराच्या विषावर त्याचा उपयोग बहुधा तोकडा पडतो. मान उचलता येत नाही किंवा थुंकी गिळता येत नाही असे दिसताच श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी करावी.

घोणस आणि फुरसे या सापांच्या दंशात रक्त गोठत नाही, आणि ते तपासण्याची वीस मिनिटांची साधी चाचणी जितकी उपयुक्त, तितकीच ती वाईट रीतीने केली जाते. नळी काचेची, कोरडी, कोरी किंवा निव्वळ पाण्याने धुतलेली हवी. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी खोटे उत्तर देते. तीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे हात न लावता ठेवावे. मधूनमधून तिरकी करून पाहण्याचा मोह आवरावा. रक्त गोठले नाही किंवा पापण्या पडू लागल्या, तर अँटिस्नेक व्हेनमच्या (सर्पविषावरील उताऱ्याच्या) ८ ते १० कुप्या सलाईनमधून साधारण तासाभरात द्याव्यात. लहान मुलाला मात्रा कमी करू नये, कारण सापाने मुलाला विष कमी टोचलेले नसते. त्वचेवर चाचणी घेण्यात वेळ दवडू नये. त्याऐवजी ॲलर्जीचा झटका आलाच तर लागणारे ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवावे. दंशाची खात्री नसली तरी अशा रुग्णाला २४ तास नजरेखाली ठेवावे, आणि गावाकडून घट्ट बांधून आणलेली दोरी एकदम सोडू नये.

लाल विंचवाच्या दंशात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. तरीही दंशाच्या जागी भूल देऊन मुलाला घरी पाठवण्याचा प्रकार घडतो. दुखणे कमी असताना हातपाय गार पडणे आणि दरदरून घाम येणे ही विष अंगात पसरल्याची खूण आहे.

फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेल्या रुग्णाबाबत मुख्य चूक ॲट्रोपिन हा उतारा कुठे थांबवावा याची असते. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नये आणि नाडी १४० व्हावी म्हणून देतही राहू नये. छातीतला बुडबुड आवाज नाहीसा झाला, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर स्थिरावला, हे लक्ष्य असते, आणि तोवर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जावे. त्याआधी पोट धुण्याची घाई करू नये. कपडे उतरवून अंग धुणे अधिक महत्त्वाचे आहे आणि ते करणाऱ्याने हातमोजे घालावेत. बाटली मागवून लेबल वाचावे, कारण प्रत्येक फवारणी ऑर्गॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांची, म्हणजे ॲट्रोपिन लागू पडणारी, नसते. तणनाशक पॅराक्वाट असेल, तर गरज नसताना दिलेला ऑक्सिजन फुप्फुसांची हानी वाढवतो. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या विषबाधेत दोन-तीन दिवसांनी रुग्ण सुधारला असे वाटत असतानाच मान लुळी पडून श्वास मंदावू शकतो, म्हणून खाट रिकामी करण्याची घाई करू नये.

ॲलर्जीचा झटका

येथे फार सांगण्याजोगे नाही. इंजेक्शननंतर किंवा मधमाशी चावल्यावर पुरळ उठून धाप लागली वा रक्तदाब पडला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन, लगेच. एव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आधी देऊन वाट पाहण्याची आपल्याकडची रीत चुकीची आहे. ती औषधे नंतर दिली तरी चालतात.

न मोजलेले आकडे आणि गृहीत धरलेली दारू

नोंदवहीच्या एका पानावर ओळीने दहा रुग्णांची श्वसनगती १८ दिसली, तर ती कोणीही मोजलेली नाही असे खुशाल समजावे. रक्तातील जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, मधुमेहातील आम्लता या साऱ्यांची चाहूल रक्तदाबाच्या आधी श्वासाला लागते. तरुणाच्या अंगातले जवळपास तीस टक्के रक्त गेल्यावरच त्याचा रक्तदाब घसरतो, त्यामुळे महामार्गावरच्या अपघातातून आलेला, १२०/८० असलेला पण अस्वस्थ, गार हातांचा आणि जलद नाडीचा मुलगा स्थिर आहे असे लिहू नये. रक्तस्रावाची शंका असेल तर रक्तस्राव आवरणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड दुखापतीपासून तीन तासांच्या आत द्यावे, त्यानंतर नाही. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून बरळण्याचे कारण दारूच, हा निष्कर्ष डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या जिवावर बेततो. पोलीस आले नाहीत किंवा पैसे भरले नाहीत म्हणून उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. कागद मागाहून होतात.

पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आलेल्या, प्रजननक्षम वयातील प्रत्येक स्त्रीची लघवीची गर्भचाचणी करावी. ‘ऑपरेशन झालंय’ (म्हणजे कुटुंबनियोजनाचे) या उत्तराने गर्भनलिकेतील गर्भाची शक्यता संपत नाही. ओटीपोटात दुखते म्हणणारा मुलगा लाजेने पुढचे सांगत नाही, म्हणून त्याचे वृषण तपासावे. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांतच ते वाचवता येते.

एप्रिल-मेमध्ये तापाने बेशुद्ध आलेल्या मजुराला पॅरासिटामॉलची सलाईन लावून वाट पाहणे व्यर्थ आहे, कारण उष्माघातात ते काम करत नाही. अंगाचे आतले तापमान ४० अंशांवर आणि मेंदू गोंधळलेला, एवढे पुरेसे आहे. त्वचा कोरडीच हवी असे नाही, घामाने भिजलेली असली तरी उष्माघात असू शकतो. काखेत मोजलेले तापमान फसवे असते, म्हणून गुदमार्गातून मोजावे, कपडे काढून अंगावर पाणी मारत जोराचा पंखा लावावा आणि अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणावे. मलेरिया आणि मेंदूज्वराच्या तपासण्या सोबत चालू द्याव्यात, पण थंड करणे त्यांच्यासाठी थांबवू नये.

घरी पाठवताना आणि पुढे पाठवताना

रुग्णाला सोडण्यापूर्वी नाडी, रक्तदाब, श्वास आणि ऑक्सिजन पुन्हा मोजावे आणि त्याला चार पावले चालवून पाहावे. आल्या वेळी वाढलेली नाडी अजून तशीच असेल, तर सुट्टीच्या कागदावर सही करू नये. डेंग्यूच्या रुग्णाला ताप उतरला म्हणून निर्धास्त सोडण्याची चूक नेमकी धोक्याच्या दिवसांत होते. ताप उतरण्याच्या सुमारास पोटदुखी, सततच्या उलट्या किंवा सुस्ती दिसली, तर त्याला दाखलच करावे. परत केव्हा यायचे हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगून त्याच्याकडूनच पुन्हा वदवून घ्यावे.

सकाळी आठची पाळी बदलताना ‘झोपलाय, ठीक आहे’ असे सांगून दिलेला रुग्ण नव्या डॉक्टरने स्वतः उठवून पाहावा, आणि जुने निदान ऐकण्यापूर्वी त्याची कहाणी ऐकावी. पुण्याला किंवा हैदराबादला पाठवायचा असेल, तर चिठ्ठीवर निदानाच्या नावापेक्षा वेळा ठळक लिहाव्यात: दुखणे केव्हा सुरू झाले, ईसीजी केव्हा काढला, कोणते औषध किती वाजता दिले, अँटिस्नेक व्हेनमच्या किती कुप्या गेल्या. निदानाबद्दल शंका असेल तर तीही मोकळेपणाने लिहावी. मूळ ईसीजी रुग्णासोबत द्यावा, मोबाइलवरच्या छायाचित्रावर अवलंबून राहू नये, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन रुग्ण निघण्याआधी करावा, गाडीने पुण्याच्या वाटेवरील टेंभुर्णी ओलांडल्यावर नव्हे.