स्कॅनवरून उड्डाणपुलाचं मॉडेल: आधी ओरिजिन सरकवा

मुंबईतल्या उड्डाणपुलाचं स्कॅन पहाटे, रहदारी तुरळक आणि डांबर कोरडं असताना घ्या. ओल्या रस्त्यावरून लेझर नीट परतत नाही, पॉइंट क्लाउडला (लेझरने टिपलेल्या बिंदूंच्या संचाला) भोकं पडतात. लगतच्या स्कॅनमध्ये निदान 30 टक्के ओव्हरलॅप ठेवा.

खरी गोम पुढे. मुंबई यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारी नकाशा-पद्धत) झोन 43 उत्तरमध्ये येते. नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, 21 लाख मीटरच्या आसपास. सॉफ्टवेअरने हे आकडे सिंगल प्रिसिजनमध्ये (जेमतेम सात अंकांच्या अचूकतेत) धरले, की बिंदू 12 ते 25 सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर चिकटतात आणि कठड्याची सरळ कड करवतीसारखी दिसते. म्हणून ओरिजिन (मोजणीचा शून्यबिंदू) पुलाजवळ सरकवा: तिथला एखादा गोल आकडा सगळ्या बिंदूंमधून आधीच वजा करा, आणि तो लिहून ठेवा!

गर्डर (आडव्या तुळया), पिअर (खांब) क्रॉस-सेक्शनवरून, म्हणजे छेदांवरून, घडवा. भोकं आपोआप भरायची सोय बंदच ठेवा. तिच्यात एक्सपान्शन जॉइंटही (पूल प्रसरण पावायला ठेवलेली फट) बुजतो.